तनख्यावरचे सर

स्वयंपाकघरात फ्रिज. फ्रिजवर लॅपटॉप. फ्रिजसमोर स्टूल, आणि स्टुलावर सर.

*

"कोळ्यांच्या हद्दीत शिरताना परवानगी घ्यावी. कोळ्यांनीही घ्यावी."

*

खालच्या मजल्यावरच्या विमावाल्या काकांचं मत असं, की किल्ली आणि सही या दोन गोष्टी माणसाने घाईत कधी देऊ नयेत. काकांनी जन्मभर लोकांकडून घाईतच सह्या घेतल्या, तेव्हा या मताला वजन आहे.

*

राजाच्या चित्राला कोणीतरी चष्मा काढला. चष्म्याच्या एका काडीला चिकटपट्टी होती.

*

समुद्रात एक बैल सापडला.

*

"सेवेशी सादर. अर्जदार नववीला इतिहास शिकवतो. अर्जदाराला त्याच्याच पानावर चार शब्द लिहू द्यावेत, ही विनंती."

*

हे सगळं एकाच भानगडीतलं आहे, आणि भानगड सुरू झाली मोठ्या बाईंच्या खोलीत. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या टेबलासमोर एक खुर्ची आहे, तिच्यावर बसलं की माणूस हळूहळू खाली जातो आणि शेवटी टेबलावर त्याचं नुसतं डोकं उरतं. सर या खुर्चीवर बसले. बाईंनी काय ते सांगेपर्यंत ते हनुवटीपर्यंत बुडाले होते.

बाईंचं म्हणणं थोडक्यात असं: आता प्रत्येक विषयात एक ऑनलाइन संशोधन उपक्रम पाहिजे. म्हणजे मुलांनी इंटरनेटवर स्वतः शोधायचं, स्वतः वाचायचं, स्वतः मांडायचं, आणि शिक्षकाने मध्ये मध्ये करायचं नाही. सत्र संपायच्या आत तपासनीस साहेब येऊन बघणार. ज्या विषयात उपक्रम दिसणार नाही, त्याचे नववीचे तास पुढच्या वर्षापासून संगणकाकडे जाणार.

"आणि मी कुठे जाणार?" सरांनी टेबलाच्या कडेवरून विचारलं.

"तुमच्याकडे शिस्त देऊ," बाई म्हणाल्या. "शिस्त आणि पाण्याची टाकी."

सर केस काळे होते तेव्हापासून नववीला इतिहास शिकवत होते. त्यातही पहिला धडा त्यांचा जीव की प्राण: परके व्यापारी जहाजं घेऊन किनाऱ्यावर उतरतात, वखारीपुरती जागा मागतात, आणि बघता बघता मालक होऊन बसतात. या धड्याला सर डस्टरचं जहाज करायचे. राजाचा आवाज पोटातून काढायचे आणि कंपनीच्या माणसाचा नाकातून. सनावळी तर अशी तोंडपाठ, की मुलं त्यांना पाठीमागे 'सनावळ' म्हणत. सरांना हे ठाऊक होतं आणि त्यांची हरकत नव्हती. भूमितीच्या सरांना मुलं 'विशालकोन' म्हणत, त्या मानाने हे बरंच म्हणायचं.

फक्त एक होतं. एवढं सगळं चालू असताना वर्गात पंख्याचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. मागच्या बाकावर एक मुलगी होती, तिला अख्खी शाळा 'जांभई' म्हणे. तिची जांभई मागच्या बाकावरून निघायची आणि बाकाबाकाने पुढे सरकत फळ्यापर्यंत पोचायची. एकदा ती सरांनाच आली, ऐन तहाच्या वेळी, राजाच्या आवाजात.

पण म्हणून काय झालं. आपण टाकीजवळ उभे आहोत, नळ किती वळवावा हे पाचवीच्या पोरांना सांगतो आहोत, आणि वर नववीच्या वर्गात जहाजं येतच नाहीत, हे चित्र सरांच्या डोळ्यांपुढून हलेना. उपक्रम करायचा, असं त्यांनी खुर्चीतून बाहेर येण्याआधीच ठरवलं. बाहेर यायला वेळ लागला.

स्टुलाविषयी

सरांच्या घरात इंटरनेट येतं, पण घरभर येत नाही. ते फ्रिजच्या वर येतं, भिंतीकडच्या कोपऱ्यात. का, ते कोणालाच सांगता आलेलं नाही. त्यामुळे घरात ज्याला काही ऑनलाइन करायचं असेल त्याला स्टुलावर चढून, मान किंचित तिरकी करून, एका हाताने फ्रिज धरून करावं लागतं. सरांचे गुडघे तसे जुने. गुडघ्यांचा उल्लेख पुढे येणार आहे.

पान तयार करून द्यायला मेहुणा आला. मेहुणा एका ऑफिसात असं काही काम करतो, की ते काय आहे हे त्याला स्वतःच्या बहिणीलाही अजून समजावता आलेलं नाही. पण त्याला पानं करता येतात. त्याने एक लांबरुंद पांढरं पान केलं. मधोमध किनारा. एका अंगाला समुद्र, तो कोळ्यांचा. दुसऱ्या अंगाला जमीन, ती शेतकऱ्यांची. टेकडीवर राजवाडा. आणि क्षितिजावर कंपनीचं जहाज. वर्गाचे तीन गट पाडायचे: कोळी, शेतकरी, कंपनी. प्रत्येक गटाने जुनी पत्रं, नकाशे, जहाजांच्या नोंदी शोधून वाचायच्या आणि आपली माणसं त्या काळी जशी वागली असतील तसं पानावर वागायचं. राजा कोण, हा प्रश्न निघालाच नाही. सर राजा.

"भावोजी, कोणाला काय करू द्यायचं ते ठरवा आता," मेहुणा म्हणाला. "नुसतं बघणार कोण, लिहिणार कोण, कोणाला कुलूप लावता येईल, मालकी दुसऱ्याला देता येईल का."

सर स्टुलावरूनच म्हणाले की त्यांच्या वर्गात उच्चनीच नाही, सगळ्यांना सगळं करता येऊ दे. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं. मग पानाने बारीक अक्षरांचा एक लांबलचक मजकूर दाखवला आणि खाली 'मान्य' असं बटण.

सरांची बायको औषधांच्या दुकानात कामाला आहे. डब्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचायची तिला सवय. ती भाजी निवडत होती. "अहो, वाचा तरी," ती म्हणाली.

"यात वाचायचं काय? मान्य म्हणायचं असतं." गुडघे ठणकत होते. सरांनी बटण दाबलं आणि उतरले.

एवढ्यात विमावाले काका वर आले. स्टूल सरकलं की त्यांच्या छताचा पोपडा पडतो, तेव्हा ते येतातच. त्यांना उपक्रम समजावून सांगितला. त्यांनी तो समजून न घेता सल्ला दिला की राजाचं चित्र मोठं लावा. पाटी मोठी असली की निम्मी वसुली आपोआप होते. सरांनी राजाचं चित्र मोठं लावलं.

माल उघड्यावर पडतो

गट पाडताना वर्गातल्या सगळ्यांनाच कोळी व्हायचं होतं, कारण होड्या. होड्या संपल्यावर उरलेले शेतकरी झाले. कंपनी म्हणजे खलनायक, तिकडे कोणी जाईना. तेव्हा गट पाडताना जे झोपले होते ते कंपनीत गेले, म्हणजे मागचे दोन बाक. जांभई त्यांची प्रमुख झाली, कारण ती सगळ्यांत शेवटी उठली.

पहिले काही दिवस पानावर काही म्हणजे काही घडलं नाही. राजाच्या चित्राला तो चष्मा आला, एवढंच. सर रोज संध्याकाळी स्टुलावर चढून रिकाम्या किनाऱ्याकडे बघत आणि उतरत. बायकोने विचारलं की जहाज कुठवर आलं. सर तिरकी झालेली मान चोळत बाहेर गेले.

मग एका सोमवारी राजवाड्याच्या दारात हे आलं:

"महाराजांच्या पायाशी. आम्ही फार लांबून आलो आहोत. आमचा माल उघड्यावर पडतो आणि कोळ्यांची मुलं त्याच्यावर माशांची चित्रं काढून जातात. आपल्या एवढ्या मोठ्या पानावर आम्हाला थोडी जागा मिळाली, तर आम्ही आपले जन्मभर ऋणी राहू."

सरांनी हे बायकोला वाचून दाखवलं, आणि ती बाहेरच्या खोलीत गेली तर तिथे जाऊन परत वाचून दाखवलं. आजवर सरांना कोणी महाराज म्हटलं नव्हतं. शाळेत 'अहो सर', घरात नुसतंच 'अहो', बँकेत तर टोकनाचा नंबर. राजाने जागा दिली. मोठ्या मनाने दिली. 'मान्य' दाबताना पोटातला आवाजही काढला, स्वयंपाकघरात ऐकायला फक्त फ्रिज असताना.

पुढच्या आठवड्यात त्या जागेला कुंपण आलं, कुलपासकट. मालाच्या रक्षणासाठी, असं कंपनीने नम्रपणे कळवलं. मग कोळ्यांच्या होड्या गायब व्हायला लागल्या. शेतकऱ्यांचा बैल समुद्रात सापडला. कोळी म्हणाले शेतकऱ्यांनी होड्या पुसल्या, शेतकरी म्हणाले कोळ्यांनी बैल बुडवला, आणि हे भांडण पानावरून मधल्या सुट्टीत उतरलं. तेव्हा कंपनीने दोघांनाही वेगवेगळं गाठून चौकीपहारा देऊ केला. मोबदला काही नाही. फक्त दोघांनी काही लिहायचं झालं तर आधी कंपनीला दाखवायचं. दोघांनीही 'मान्य' म्हटलं, आणि कोळ्यांच्या हद्दीवर परवानगीची ती पाटी लागली. बैल कोणी ढकलला हे अजून उघडकीला आलेलं नाही. पण पानावर कंपनी जांभळ्या रंगात लिहायची, आणि बैलाच्या शेपटीला जांभळा डाग होता, असं कोळी आजही सांगतात.

सरांना या सगळ्यात काही वावगं दिसलं नाही, कारण पानावर आता खरोखरच वर्दळ होती. उलट त्यांना वेगळीच कटकट होती. प्रत्येक मुलाने काय शोधलं, काय वाचलं, तो गृहपाठ पानावरच्या एकेकाच्या खणातून ओढून काढायचा, तोही स्टुलावर उभं राहून. गुडघ्यांनी संप पुकारला होता. अगदी त्याच वेळी कंपनीचा अर्ज आला, की महाराजांनी इतके कष्ट का घ्यावेत, गृहपाठ गोळा करायची चाकरी आम्ही करू. खाली बारीक अक्षरं. त्याखाली बटण.

सरांच्या एका हातात चहा होता.

"वाचा," बायको म्हणाली.

"चहा निवतोय," सर म्हणाले आणि त्यांनी मोकळ्या हाताच्या अंगठ्याने बटण दाबलं.

त्यानंतरचे दिवस सरांच्या नोकरीतले सर्वांत सुखाचे. गृहपाठ वेळेवर येई, लावलेला, तपासायला सोपा. जो देणार नाही त्याचं पानावरचं लिहिणं बंद, असा कंपनीचा नियम होता, त्यामुळे ज्यांनी पाठ्यपुस्तकाचं कव्हरसुद्धा नीट बघितलं नव्हतं ती मुलं जुन्या नकाशांवरून भांडायला लागली. सर संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालू लागले. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी विशालकोनांना ऐकवलं की सगळं आपणच ओढत बसायचं नसतं, विश्वास टाकायचा असतो. विशालकोनांनी ते मनावर घेतलं, म्हणजे सरांकडे पाठ फिरवली.

आणि मग एका संध्याकाळी सर सहज म्हणून स्टुलावर चढले. पानावर एक पट्टी आली: 'तुम्हाला हे पान पाहता येईल. बदल करता येणार नाहीत. परवानगी मागा.'

नेटवर्कचा घोटाळा असणार म्हणून सरांनी मान दुसऱ्या बाजूला तिरकी केली. तेच. त्यांनी परवानगी मागितली. उत्तर आलं, 'विचाराधीन'. थोड्या वेळाने राजवाड्याच्या दारात जाहीरनामा झळकला:

"महाराजांचा मान कायम आहे. राजवाडा त्यांच्याकडेच राहील. तनखा म्हणून त्यांना रोज एक चित्र लावता येईल. चित्र आधी कंपनीला दाखवावं."

मेहुण्याला फोन लावला. पलीकडे फोन दुसरीकडे ठेवून कोणीतरी हसत असल्यासारखा आवाज, मग मेहुणा. गृहपाठाच्या त्या अर्जातच पानाची मालकी गेली होती, म्हणाला. सातव्या कलमात. "भावोजी, तुम्ही वाचलं नाही का?"

बायको भांडी घासत होती. ती एकच पातेलं फार वेळ घासत राहिली.

बंड

मोठ्या बाईंकडे जायची सोय नव्हती. 'माझ्या विद्यार्थ्यांनी मला पदच्युत केलं' हे वाक्य त्या खुर्चीत बुडता बुडता म्हणायचं, म्हणजे टाकीची किल्ली स्वतःहून मागण्यासारखंच. साहेबांची तारीख तर येऊन ठेपली होती. सर जेवताना चिकटपट्टीचा चष्मा काढून पुसायचे आणि परत तसाच मळका लावायचे.

शेवटी विमावाल्या काकांनी राजकारण सांगितलं. फोडा, म्हणाले. समोरच्याच्या गोटातली एक पार्टी फोडा. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी कोळ्यांच्या प्रमुखाला जिन्याखाली गाठलं. प्रमुखाला सरांबद्दल मनापासून वाईट वाटत होतं. पण कंपनीचा साक्षीदार असल्याशिवाय महाराजांशी बोलायचं नाही असा त्यांचा करार होता, आणि साक्षीदार पलीकडे नळाशी उभं राहून पाणी पीत होता, केव्हापासूनचा. शेतकऱ्यांकडून तर काही आशाच नव्हती. कंपनीने त्यांना नांगराची तयार चित्रं पुरवली होती आणि चित्र काढायचा कंटाळा हा शेतकऱ्यांचा राष्ट्रीय गुण होता.

संध्याकाळी पानावर नोंद आली: "महाराजांनी बंडाचा प्रयत्न केला. चित्राची मुभा तूर्त बंद."

आता मात्र सरांनी ठरवलं की राजा वगैरे पुरे. मास्तर म्हणून जांभईला बोलवायचं आणि खडसवायचं. त्यांनी आरशासमोर तयारी केली. सुरुवात होती, 'मुली, विश्वास नावाची एक गोष्ट असते.' बायकोने मागून जाता जाता सांगितलं की 'मुली' नको, नाटकातलं वाटतं.

जांभईला त्यांनी नकाशांच्या खोलीत बोलावलं. गुंडाळलेले नकाशे भिंतीला टेकून उभे होते आणि खिडकीतून नेमकी पाण्याची टाकी दिसत होती.

"हे काय चालवलंय तुम्ही?" सर म्हणाले. विश्वासाचं वाक्य ऐनवेळी आठवलं नाही.

"आम्ही मनाचं काहीच केलं नाही, सर. त्यांनी केलं तेच केलं. त्याच क्रमाने."

"आणि त्यांनी काय केलं हे तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. पण तुम्ही फार भरभर सांगता, सर." ती म्हणाली. "एका तासात अख्खा देश जातो. कधी गेला ते कळतच नाही. म्हणून आम्ही हळू करून बघितलं."

सरांनी खडसवायला उचललेला हात चष्म्याकडे नेला. ती सांगत होती की कुठल्याशा परदेशी संग्रहालयाने कंपनीच्या कारकुनांची पत्रं ऑनलाइन ठेवली आहेत. भाषांतर मशीनने केलेलं, अगदी ओबडधोबड, पण कळतं. त्यात एक कारकून आहे, पोरगाच. दर पत्रात तो आईकडे बूट मागतो. वखारीत ओल फार, म्हणतो, इथे डास फार, इथले लोक चांगले आहेत आणि उद्या आम्ही त्यांच्या नदीवर जकात बसवणार आहोत, आणि बूट लवकर पाठव.

"एकाच पत्रात?" सरांनी विचारलं.

"एकाच वाक्यात, सर."

सर जवळच्या स्टुलावर बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बराच वेळ तिने जांभई दिलेली नाही. त्यांनी पुढचं विचारलं, मग त्याच्या पुढचं. त्या कारकुनाला बूट मिळाले का? ते अजून सापडलं नाही, ती म्हणाली, आता चौथ्या वर्षाची पत्रं चालू आहेत.

"सर, एक विचारू?" ती म्हणाली. "राजानं वाचलं का नाही? सगळं लिहिलेलं होतं. तुमच्या सहीच्या वरच होतं."

"माझ्या?"

"म्हणजे त्याच्या."

सरांच्या डोक्यात सगळ्या सनावळ्या एकदम उठून उभ्या राहिल्या आणि एकेक करून परत खाली बसल्या. एकीलाही उत्तर येत नव्हतं.

"गुडघे दुखत असतील," सर म्हणाले.

तिने हे गंभीरपणे घेतलं. "पत्रांमध्ये असं कुठे नाही."

"नसणारच. राजा काय आईला पत्र लिहीत नव्हता."

ती हसली. मग दाराशी जाऊन परत वळली. "पान परत देऊ का, सर? साहेब येणार आहेत म्हणून. एकच बटण आहे."

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. टाकी होती तिथेच होती. तिच्या नळातून थेंब थेंब पाणी गळत होतं आणि कोणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

"त्यांनी परत दिलं होतं का?"

"नाही."

"मग तू कशाला देतेस?"

"तुम्हाला बोलतील ना सर."

"राजाला कोण बोलणार?" असं म्हणून सर मोठ्या रुबाबात उठले, आणि एक गुंडाळलेलं जग त्यांच्या डोक्यात पडलं.

पाहुणे

तपासनीस साहेबांची एक पद्धत आहे. मोठ्या बाईंच्या खोलीत चहा ओतून होतो तेव्हा ते वर्गाकडे निघतात आणि तो पिण्याजोगा कोमट होतो तेव्हा परततात. मधला वेळ म्हणजे तपासणी.

साहेब मागच्या भिंतीशी बसले, शेजारी मोठ्या बाई. समोरच्या भिंतीवर पान दिसू लागलं आणि त्यावर ती पट्टी: 'बदल करता येणार नाहीत. परवानगी मागा.' बाईंनी सरांकडे बघितलं. सरांनी घसा साफ केला, खिशातून अर्ज काढला आणि भर वर्गात वाचला. सेवेशी सादर. अर्जदार नववीला इतिहास शिकवतो. वाचताना त्यांनी राजाचा पोटातला आवाज लावला नाही, साध्याच आवाजात वाचलं. मुलं हसतील म्हणून त्यांनी मनाची तयारी केली होती. मुलं हसली नाहीत. पंख्याचा आवाजही ऐकू येत नव्हता, पण त्याचं कारण पंखा बंद होता.

मागच्या बाकावर कुजबुज झाली. भिंतीवर उमटलं: 'मंजूर. पाहुणे असेपर्यंत.'

मग कंपनीने पाहुण्यांनाही नम्रपणे कळवलं, की पान जवळून बघायचं तर आपल्या फोनवर एकदा 'मान्य' म्हणावं लागेल. साहेबांनी घड्याळ बघत बघत फोन काढला, अंगठा टेकवला आणि परत ठेवला.

कोळी उभे राहिले. जहाजं यायच्या आधी समुद्र कोणाचाच नव्हता, जाळं टाकायला कोणाला विचारावं लागत नव्हतं, आणि मग पहिल्यांदा कोणी विचारायला लावलं, हे त्यांनी एका जुन्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं. सांगणाऱ्या पोराचा आवाज मध्येच चिरकला, कारण बोलता बोलता त्याला खरंच राग आला होता. शेतकऱ्यांची पाळी यायची होती. साहेबांच्या आतल्या घड्याळाने चहा कोमट झाल्याचं सांगितलं. ते "छान, छान" म्हणत उठले.

"साहेब, बसा ना," मागून जांभईचा आवाज आला. "आपण मान्य केलंय."

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. साहेबांनी फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि वाचलं. 'पाहुण्यांनी शेवटच्या गटापर्यंत बसावं. कंपनीच्या परवानगीशिवाय बोलू नये.' साहेबांनी ते परत पहिल्यापासून वाचलं. माणूस मान्य म्हटल्यानंतर जितक्या काळजीने वाचतो तितक्या काळजीने आधी वाचत असता, तर सरांना शिकवायला निम्मंच पुस्तक उरलं असतं.

सरांना टाकी दिसत होती, नळासकट.

साहेब बसले. शेतकऱ्यांचं सगळं ऐकलं, कोणत्या वर्षी भात गेलं आणि नीळ आली ते, नांगराच्या तयार चित्रांसकट. कंपनीचंही ऐकलं, त्या कारकुनाच्या बुटांसकट. मोठ्या बाईंच्या खोलीत चहावर साय धरली. मग साहेबांनी हात वर केला.

मागच्या बाकावर विचारविनिमय झाला. "बोला," जांभई म्हणाली.

"मी न वाचता मान्य म्हणेन, हे तुला कसं माहीत?"

"सगळेच म्हणतात, साहेब."

साहेबांनी मान डोलावली. मग सरांकडे वळले. "आणि यात तुमचं काम काय?"

"मी राजा, साहेब," सर म्हणाले. "मला तनख्यावर ठेवलंय."

आता मात्र वर्ग हसला, साहेब हसले, आणि साहेब हसताहेत हे खात्रीने दिसल्यावर मोठ्या बाईही हसल्या.

शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, 'शिक्षकांचा वर्गावर ताबा दिसत नाही. वर्गाचा विषयावर दिसतो. तास आहेत तसे ठेवावेत.' मोठ्या बाईंनी हे सरांना वाचून दाखवलं तेव्हा सर त्याच खुर्चीत बुडत होते, पण या खेपेला त्यांना ते आरामशीर वाटलं. टाकी विशालकोनांकडे गेली. त्यांनी ती मनावर घेतली, आणि नळ गळायचा थांबला, हेही सांगायला हवं.

घरी विमावाल्या काकांनी सल्ल्याचं श्रेय घेतलं. मेहुण्याने विचारलं की पान परत मिळवून देऊ का, त्याला एक युक्ती माहीत आहे. सर नको म्हणाले. बायकोने दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना गुडघ्यांचं मलम आणलं, आणि सरांनी लावण्याआधी डबीवरचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्याने वाचला. त्याला बराच वेळ लागला. ती ऐकत बसली.

पान अजून कंपनीकडेच आहे. सत्राच्या शेवटी कोळी आणि शेतकरी एकत्र आले आणि त्यांनी स्वातंत्र्य मागितलं. जांभईने पाठ्यपुस्तक उघडून दाखवलं की स्वातंत्र्य दहावीत आहे. म्हणून सरांनी पुढच्या वर्षी दहावीही मागून घेतली आहे. तोवर ते रोज संध्याकाळी स्टुलावर चढतात, परत मिळालेल्या मुभेप्रमाणे राजवाड्याच्या दारात एक चित्र लावतात, आणि मंजुरीची वाट बघत चहा पितात. परवा त्यांनी बुटांचा जोड लावला. लगेच मंजूर झाला.

आणि कंपनीने त्या पहिल्या सोमवारी राजाकडे मागितलेली जागा फक्त एका ओळीची होती.